न गळणारी साइडकार

कोंबडी उठेपर्यंत मोटारसायकल मिळणार नाही, असं कंपाउंडरकाकांनी मला तोंडावर सांगितलं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला आणि डॉक्टरांची गाडी तेवढी कंपाउंडरच्या वाट्याला आली. त्यांना ती चालवता येत नव्हती. विहिरीच्या कडेला उभी केली ती तिथंच रुतली. सीट कुत्र्यांनी खाल्लं होतं. सीटखालच्या खळग्यात गवत साचलं होतं आणि त्या गवतात एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. काका म्हणाले, "गाडी फुकट ने, मला अडचणच आहे तिची. पण कोंबडी खुडूक आहे. एकवीस दिवस लागतात, त्यातले सहा झालेत. मधे गाडी हलवलीस आणि अंडी गार पडली, तर मग गाडीही नाही आणि या विहिरीचं पाणीही नाही."

मी तेव्हा हायवेवर करीमभाईंच्या गॅरेजात कामाला होतो. शाळा चौथीत सुटली ती सुटली. रोज संध्याकाळी हात धुऊन घरी न जाता कंपाउंडरांच्या विहिरीवर जायचो आणि कोंबडीकडं बघत उभा राहायचो. ती माझ्याकडं बघायची. डोळा मिटायची नाही, मीही मिटायचो नाही. चार दिवसांत ही बातमी अख्ख्या पनवेल कोळीवाड्यात पसरली. जाळं विणत बसलेली म्हातारी माणसंसुद्धा मी दिसलो की विचारायची, "हऱ्या, उठली का रं?" मी मान हलवायचो. पंधराव्या दिवशी आठ पिल्लं घेऊन बाई उठल्या. एक अंडं नासकं निघालं, ते गाडी ओढताना चौकटीत फुटलं. तो वास नंतर पहिला रंग देईपर्यंत गाडीला होता, आणि खरं सांगायचं तर रंगानंतरही होता.

एवढी घाई मला मोटारसायकलीची नव्हती. घाई चांगुणाची होती.

चांगुणा म्हणजे माझी बायको. गेल्या दिवाळीच्या आधी गेली. माणसं येतात, चहा पितात आणि म्हणतात, काका, सुटली हो ती. मी म्हणतो, ती सुटली, मग मी काय करू, टाळ्या वाजवू? हल्ली माणसं कमी येतात. बरं आहे. मुलगी म्हणाली, बसून नुसतं भिंतीकडं बघण्यापेक्षा लिहा काहीतरी, वही आणून दिली. म्हणून लिहितो. भिंत काय, वही काय.

आमचं घर खाडीच्या अंगाला. घराला चिकटून पत्र्याची लांबडी शेड, तिच्यात बाबा होड्या बांधायचे आणि जुन्या होड्या दुरुस्त करायचे. आज पोरं तिला गॅरेज म्हणतात. तेव्हा तिला नाव नव्हतं, आई नुसती 'तिकडं' म्हणायची. "तुझा बापूस तिकडं हाय." सकाळी जाग यायची ती वाकसाच्या आवाजानं. वाकस म्हणजे होडीवाल्यांची आडव्या पात्याची कुऱ्हाड. बाबा तिनं फळी तासायचे, टक्‌ टक्‌ टक्‌, आणि मधेच थांबायचे. थांबले की आई चुलीवरून म्हणायची, "आता बघतायत." बाबा एक डोळा मिटून फळी बघायचे, मग परत टक्‌ टक्‌. घरात राळेचा वास, चिंचेच्या कालवणाचा वास आणि मुशीच्या काळजाच्या तेलाचा वास. मुशी म्हणजे लहान शार्क, तिचं तेल होडीच्या फळ्यांना लावतात, लाकूड कुजत नाही. त्या वासानं गावभरची मांजरं आमच्या दारात नातेवाइकांसारखी बसलेली असायची. मासे आमच्याकडं कधी विकत आले नाहीत. ज्याची होडी दुरुस्तीला आली तो येता-जाता हातभर वाकट्या नाहीतर टोपलीभर बोंबील ठेवून जायचा.

आणि अशा घरात मी एके दिवशी बाजारातून अर्धा किलो बोंबील विकत आणले.

आईनं पिशवी उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मेल्या, कोल्याच्या पोटी जन्मलास आन बोंबील इकत आनतस? लोकांनी बगितलं का तुला?" दुसऱ्या दिवशी मी मांदेली आणली. तिसऱ्या दिवशी परत बोंबील. आमच्याकडं त्या आठवड्यात फुकटच्या माशांनी टोपली भरलेली आणि मी रोज पिशवी घेऊन येतो. पाचव्या दिवशी आईनं पिशवी न उघडताच बाजूला ठेवली आणि भाकरी थापता थापता विचारलं, "कोनाची पोर हाय ती?"

ती बानूबायची पोर होती. बानूबाय म्हणजे उरणकडच्या कोळणींतली मोठी असामी, डोक्यावर पाटी असली तरी मान अशी की पाटीलाच तिचा आधार वाटावा. मायलेकी एसटीनं पनवेलच्या बाजाराला यायच्या. कंडक्टर कुरकुर करायचा, पॅसेंजर नाकाला रुमाल लावायचे, मग पाट्या टपावर. टपावर ऊन. पनवेल येईपर्यंत पापलेटाचे डोळे पांढरे. आणि तेवढ्यात उरणच्याच एका टेंपोवाल्याकडनं चांगुणाला मागणी आली होती. टेंपो म्हणजे टेंपो. पाट्या आत, वर ताडपत्री. त्या माणसाचं थोबाड कसं आहे हे कुणी विचारतच नव्हतं, सगळे टेंपोबद्दल बोलत होते.

मी पिशवी पुढं केली तेव्हा बानूबायनं सगळ्या बाजारासमोर मला विचारलं, "काय रं, तुज्या घरात मांजरी किती?"

"एक."

"मग रोजचे मासे खातं कोन?"

शेजारच्या कोळणी हसल्या. चांगुणा खाली बघून कोयत्यावर मासा कापत होती, पण कोयत्यावरचा हात थांबला होता, तेवढं मी बघितलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी मोटारसायकल घेतोय. तुमच्या पाट्या मी आणीन."

"मोटारसायकलवर पाट्या कुटं ठेवशील? डोसक्यावर?"

"साइडकार लावीन."

साइडकार म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. मी हातांनी दाखवलं. शेजारी एक चाक, त्यावर बसायची जागा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होळीपतूर थांबते. त्याच्या आत मना, माज्या पोरीला आन दोन पाट्यांना घरापासनं बाजारापतूर आनून दाखव. बर्फ इतलायच्या आत. नायतर होळीनंतर टेंपोवाल्याला नारल देते." एवढं बोलून तिनं मला अर्धा किलो बोंबील दिले. वर दोन जास्त टाकले. ते चांगुणानं टाकले होते, हे मला लग्नानंतर कळलं.

गाडी शेडमध्ये आली तेव्हा बाबा एका होडीखाली आडवे झाले होते. बाहेर येऊन त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एक डोळा मिटून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वाकडी हाय." वाकडी होतीच. इंजिन जाम, पिस्टन गंजून चिकटलेला, तारा उंदरांनी खाल्लेल्या. पिस्टन रॉकेलमध्ये भिजत घातला. कार्ब्युरेटरचा गंज मात्र कशानं निघेना. करीमभाई म्हणाले, आंबट काहीतरी लाव. घरात आंबट म्हणजे आईची वर्षाची चिंच. मी सगळी चिंच कोळून आईच्या कालवणाच्या टोपात कार्ब्युरेटर उकळला. सोन्यासारखा निघाला. संध्याकाळी आई टोप शोधत आली, झाकण उघडून बघितलं आणि परत ठेवलं. त्या रात्री सगळ्यांना कोरडी भाकरी आणि सुकट मिळाली. माझ्या ताटात तिनं कार्ब्युरेटर ठेवला. "खा. कालवन केलंय तुज्यासाठी."

करीमभाईंनी साइडकारचं चित्र खडूनं जमिनीवर काढलं. पाइपची चौकट, एक स्कूटरचं चाक, वर पत्र्याची पेटी. करीमभाई माझे उस्ताद, पनवेलच्या मोहल्ल्यातले, सुपारी तोंडात ठेवून बोलायचे. बाबांनी चित्र पुसलं. पत्रा गंजतो, म्हणाले. मग बराच वेळ उकिडवे बसले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "उलांडी! तुला उलांडी पायजे." खाली दक्षिणेकडं अरुंद होड्यांना बाजूला एक ओंडका बांधतात, लाटेत होडी उलटू नये म्हणून, ती उलांडी. बाबांनी ती उमेदीच्या दिवसांत तिकडं बघितली होती, पण स्वतः कधी बांधली नव्हती. आता पोराच्या निमित्तानं संधी आली होती. मी म्हटलं, बाबा, ती रस्त्यावर चालवायची आहे. ते म्हणाले, "असंना."

आणि बाबांनी होडी बांधली. दुसरा शब्द नाही. सागवानाच्या उरलेल्या फळ्या, आतून बाक दिलेल्या फासळ्या, पुढं वर उचललेली नाळ. फटींत कापूस ठोकला, त्यावर राळ, त्यावर मुशीचं तेल. पंधरा दिवस टक्‌ टक्‌ टक्‌, आणि आई चुलीवरून, "आता बघतायत." मांजरांची संख्या दुप्पट झाली. झाल्यावर बाबांनी ती भरतीच्या पाण्यात सोडली. कोळीवाडा बघायला जमला. ओहोटीला वर ओढून बाबांनी आतून सगळीकडं हात फिरवला आणि कोरडा हात लोकांना दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करीमभाई पुढं येऊन नम्रपणे म्हणाले, "चाचा, सुभानल्ला, काम लाजवाब आहे. पण रस्त्यावर पाणी नसतं."

बाबा म्हणाले, "तुज्या रस्त्याचा भरवसा तू दे. माज्या होडीचा मी देतो."

खरी लढाई पुढं झाली. करीमभाई ड्रिल घेऊन आले. चौकटीला होडी बसवायची तर तळाला चार भोकं पाडून बोल्ट मारायला हवेत. बाबा होडीसमोर हात पसरून उभे राहिले. "होडीला भोक? माज्या बापानं पाडलं नाय, त्याच्या बापानं पाडलं नाय. पानी आत आलं तर वरनं उपसायचं. खालनं भोक पाडायला होडी काय चालन हाय?" करीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माज्याकडं काय बगतस, मी या मानसाला वीस वरसं सांगते छपराला खिडकी पाड." शेवटी भोकाशिवाय मार्ग निघाला. करीमभाईंनी चौकटीला चार लोखंडी चिमटे केले, ते होडीच्या काठाला आवळायचे. बाबांचा चिमट्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी वरून काथ्याच्या दोरीनं होडी चौकटीला अशी बांधली की पुढून गाठी, मागून गाठी, पोटाखालून गाठी. आणि नाळेवर एक छोटा नांगर लावला. मी विचारलं, नांगर कशाला? म्हणाले, "होडीला नांगर असतो."

गाडी मी सजवली. हँडल उंच केलं, टाकी होडीच्या रंगानं निळी रंगवली, तिच्यावर पिवळा पट्टा ओढला, आरसे दोन लावले. पहिल्यांदा किक मारली तेव्हा सायलेन्सरमधून आधी काळा धूर आला, मग पिसं आली, तांबडी, मूठभर. मग आवाज असा झाला की बाहेर बसलेली सगळी मांजरं गेली आणि तीन दिवस आली नाहीत. आई म्हणाली, एवढं एक चांगलं झालं.

आता एक गोष्ट लिहितो, ती कुणाला सांगितलेली नाही. होळीच्या चार दिवस आधी, पहाटे उरणला निघण्यापूर्वी, मी शेडमध्ये उभा राहून गाडीकडं बघितलं. निळी टाकी, चकचकीत हँडल, आणि शेजारी काथ्याच्या गाठींचा तो गबाळा कारभार. बैलगाडीवर गवत बांधल्यासारखा. मला चांगुणा दिसली. मला टेंपोवाला दिसला. चिमटे पक्के होते, मी स्वतः आवळले होते. मी सुरी घेतली आणि दोऱ्या कापून टाकल्या.

बानूबायच्या दारात सगळी आळी उभी होती. बानूबाय साइडकारमध्ये बसली, गुडघ्यांपुढं दोन पाट्या, एकीत पापलेट आणि बर्फाची फोडलेली अख्खी लादी, दुसरीत चिंबोऱ्या, जिवंत खेकडे. चांगुणा माझ्या मागं. तिनं मला धरलं नाही, सीटची कड धरली. निघताना एवढंच म्हणाली, "सावकास." ती माझ्याशी बोलली तो हा पहिला शब्द. पुढं जन्मभर तीच एक सूचना.

जासईपर्यंत सगळं देवानं ठरवल्यासारखं चाललं. ऊन चढलं, मिठागरं पांढरी दिसायला लागली, मी मनातल्या मनात लग्नाला कोण कोण येईल ते मोजत होतो. मग मागच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी हात करून त्याला पुढं बोलावलं. तो येईना. आरशात बघितलं तर त्याची काच भिजलेली आणि काचेवर एक पापलेट चिकटलेलं. मी डावीकडं बघितलं.

बर्फ वितळला होता. बर्फ वितळला की पाटीतून पाणी गळतं, एसटीच्या टपावरूनही गळायचं, रस्त्यावर गळून जायचं. इथं जायला जागाच नव्हती. बाबांनी एक थेंब आत येऊ नये म्हणून बांधलेली होडी, तिच्यातून एक थेंब बाहेरही जात नव्हता. मासळीचं पाणी बानूबायच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. पापलेटं पाटीबाहेर येऊन तिच्याभोवती तरंगत होती. दुसऱ्या पाटीतल्या चिंबोऱ्यांना पाणी लागल्यावर जीव आला होता, त्या बाहेर पडून आपला मुलूख बघत होत्या. दुसरी कुठली बाई असती तर किंचाळली असती. बानूबाय समुद्रावरची. होडीत पाणी भरलं की काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं पाय उचलून काठावर ठेवले होते आणि चहाच्या पितळी पेल्यानं ती शांतपणे पाणी उपसून मागं टाकत होती. त्या पाण्याबरोबर अधूनमधून एखादा मासा जात होता. मागं जीप, जीपमागं सायकलवाले थांबून रस्त्यावरचे मासे गोळा करत होते, आणि आमच्या दोन्ही बाजूंनी कुत्री धावत होती.

मी मागं वळून चांगुणाकडं बघितलं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिनं सीटची कड सोडली आणि माझा खांदा धरला. ज्या माणसाचा खांदा त्या वेळी पहिल्यांदा धरला गेला आहे, त्यानं वळणाकडं बघावं अशी अपेक्षा करू नये.

वळण आलं. खाडीचा फाटा तिथं रस्त्याला अगदी चिकटून होता आणि भरतीची वेळ होती. मी हँडल फिरवलं, गाडी फिरली, चौकट फिरली, चाक फिरलं. होडी फिरली नाही. चारही चिमटे काठावरून तेलकट हातातून मासा निसटावा तसे निसटले. मुशीचं तेल, दुसरं काय. होडी चौकटीवरून उचलली गेली, चिखलाच्या उतारावर पडली आणि नाळ पुढं करून, होडी पाण्यात सोडतात तशी, घसरत खाडीत गेली. मधे बानूबाय, हातात पेला.

मी ओरडलो. चांगुणा ओरडली. जीपवाला उतरून ओरडला. एकटी बानूबाय ओरडली नाही. होडीनं एकदा डोकं खाली घातलं, वर आणलं आणि शांत उभी राहिली. सरळ. इकडं नाही, तिकडं नाही. पाणी उपसून झालेलं होतं म्हणून वजनही बेताचं. मग भरतीचं पाणी तिला आत ओढायला लागलं, तशी बानूबायनं मागं-पुढं बघितलं, नाळेवरचा नांगर सोडला आणि पाण्यात टाकला. होडी थांबली. तिनं पदर सारखा केला, होडीच्या काठावरून हात फिरवला, फळ्यांच्या सांध्यांवर नख घासून बघितलं आणि तिथून हाक मारली, "काय रं, ही बांधली कुनी?"

"बाबांनी."

"तुज्या बापानं?" तिनं परत एकदा सांधे बघितले. "गाडी तुजी भिकार हाय. होडी चांगली हाय."

मग तिनं नांगर उचलला आणि पाटीच्या झाकणानं वल्हवत ती काठाला आली.

आम्ही बाजारात पोचलो ते जीपमधून, उरलेले नऊ मासे घेऊन. जीपवाल्यानंच आणलं, तो म्हणाला मला पुढं काय होतं ते बघायचं आहे. मी समजलो संपलं, टेंपोवाला जिंकला. पण बानूबाय बाजारात न थांबता तशीच ओल्या लुगड्यानं आमच्या घरी आली. बाबा शेडमध्ये होते. तिनं वाकसाकडं बघितलं, भिंतीला टेकवलेल्या फळ्यांकडं बघितलं. आईनं आतून भाकरी आणि जवळ्याची चटणी आणली. ती खाता खाता बानूबाय म्हणाली, "पोरगं तुमचं येडं हाय. पर ज्या घरात असं काम होतं त्या घरात पोर उपाशी नाय मरनार. मी देते. एक अट हाय. त्या होडीला खाली एक भोक पाडा. माज्या पोरीनं रोज पेल्यानं पानी उपसायचं का?"

बाबांच्या हातातली भाकरी खाली गेली. "भोक नाय पाडनार."

"मग पोर नाय देनार."

"नका देऊ."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी बाबांकडं. बानूबाय हात धुऊन उठली. "होळी चार दिसांवर हाय," एवढंच म्हणाली. तिची पाठ वळल्यावर बाबांनी मला विचारलं, "दोरी कुनी कापली?" मी म्हटलं, उंदरांनी. बाबा म्हणाले, "उंदीर सुरी वापरायला लागले." त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. होडी शेडमध्ये परत आणून उलटी घातली होती. बाबा तिच्याजवळ जायचे, तळावर हात ठेवायचे, परत यायचे. जेवले नाहीत नीट. वाकसाचा आवाज नाही. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एकदा मी स्वतःच ड्रिल घेऊन शेडमध्ये गेलो. बाबा झोपले होते. तळाजवळ ड्रिल नेलं आणि हात चालेना. एवढं सरळ लाकूड, एवढे बसलेले सांधे. शिवी घालून परत आलो.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी चांगुणा आली. एकटी. पोरीनं असं येण्याची रीत नव्हती, पण ती पाटी घेऊन आली, म्हणजे मासे विकायला आली असं झालं. कोळ्याच्या घरी मासे विकायला! आई दारातच हसायला लागली. चांगुणा सरळ शेडमध्ये गेली, बाबांसमोर पाटी उतरवून उकिडवी बसली. मी दाराआडून ऐकत होतो.

"बाबा, भोक तुमी पाडू नका."

"मी पाडनारच नाय."

"मी पाडते. तुमी फकस्त बूच करा."

बाबांनी होडीच्या तळावर हात ठेवला.

"भोक कोनीबी पाडंल," ती म्हणाली. "पानी आडवनारं बूच कोनाला जमनार? मना तर दिसत नाय दुसरा कोन."

मग बाबा उठले. शिसवाचा एक तुकडा शोधला. एक डोळा मिटला. आणि तीन दिवसांनी घरात परत टक्‌ टक्‌ टक्‌ सुरू झालं, बारीक. आई चुलीवरून म्हणाली, "आता बघतायत." चांगुणानं गिरमीट घेतलं आणि तळाला एक भोक पाडलं. बाबा तोंड फिरवून उभे होते. नंतर वळून त्यांनी बूच भोकात बसवलं, होडीत पाणी ओतलं आणि खाली हात धरला. कोरडा. त्यांनी तो कोरडा हात चांगुणाला दाखवला. मला नाही.

तीस वर्षं आम्ही ती साइडकार चालवली. दोऱ्या बाबांनी परत बांधल्या, त्या मी कधी कापल्या नाहीत. बूच चांगुणाच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. सकाळी बर्फ भरला, थोडं अंतर गेलो की मागून हाक यायची, "अवो, बूच काढा." मी गाडी थांबवायचो, वाकून बूच काढायचो, तिच्या हातात द्यायचो. वास्तविक निघतानाच काढून ठेवता आलं असतं. पण नाही. ती म्हणायची, असू दे, तेवढंच तुमी थांबता.

आता गाडी परत उघडली आहे. इंजिनचं काम झालंय, कळंबोलीहून नवा पाइप आणून चौकट केली. करंजाड्याचा एक इंजिनियर पोरगा दर रविवारी येतो, म्हणतो, काका, मला विका, मी हिला मॉडिफाय करतो, साइडकार फायबरची करू. मी त्याला विचारलं, तुझ्या घरात मांजरी किती? तो म्हणाला, एकही नाही. मी म्हटलं, मग जा घरी.

परवा साइडकार धुवायला काढली. बूच लावलं, नळाची नळी आत सोडली आणि पायरीवर बसलो. वरून विमान गेलं, तेही बघितलं. पाणी काठाला आलं. एक थेंब कुठून गळत नव्हता. नळ बंद केला आणि बसून राहिलो, काठोकाठ पाणी, त्यात शेडचा पत्रा दिसतोय, मी दिसतोय. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी कुणाची तरी हाक यायची वाट बघतोय. शेजारची बाई गॅलरीतून बघत होती. बघू दे. मी मोठ्यानं म्हटलं, "अवो, बूच काढा."

आणि उठून काढलं. भोक बारीक आहे, तिनं बेतानंच पाडलं होतं. पाणी जायला पुष्कळ वेळ लागला. बूच हातात धरून मी तिथंच थांबलो.